सोनीचा हंडा

आज दुपारपासून खालच्या गावात कुणीतरी संबळ शेकतंय. निखाऱ्यांवर धरून कातडं ताणलं की टिपरीनं एकदा वाजवून बघतात, तेवढाच आवाज येतो. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. परत टण्ण. माझा डावा कान कामातून गेलेला आहे, त्यामुळे एखादा आवाज कुठून आला ते मला चटकन कळत नाही. सगळं जग उजवीकडूनच येतं. पण संबळाचं तसं नाही, तो पायांतून वर चढतो. चाळिशी ओलांडलेली बाई मी, अंगणात तांदूळ निवडत बसले होते, आणि पहिल्या टण्णबरोबर सूप बाजूला ठेवून उभी राहिले. सोनी, माझी भावजय, दारातून बघत होती. म्हणाली, "झाला! आथा हिचे पाय घरात ठरायचे नाय."

खरंच ठरत नाहीत. बोहाडा जवळ आला की मला वेड लागतं, आणि यंदा तर जास्तच लागलंय. त्याचं कारण सांगतेच, पण मधे एक उन्हाळा आडवा येतो. त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

आमच्याकडचा वैशाख ज्यानं बघितला नाही, त्याला वाटतं की तेव्हा डोंगर मेलेला असतो. मेलेला कसला! मोहाची फुलं वेचून संपलेली असतात, पण त्यांचा गोडसर, जरा आंबूस वास अजून घरांच्या पडव्यांत असतो. करवंदं काळी पडायला लागतात, पोरांचे ओठ जांभळे होतात. उतारावर राब भाजलेला असतो. पालापाचोळा आणि शेण जाळून भाताच्या रोपासाठी जमीन तयार करतात, तो धूर सकाळी दरीत साचून राहतो. हा धूर नाकात गेला की मला आधी बोहाडाच आठवतो. परगावी असतानासुद्धा कुठे गवत जळताना दिसलं की माझी टाच आपोआप ठेका धरायची. बराकीतल्या पोरी हसायच्या. "इसको फिर गाँव का भूत चढ़ा," म्हणायच्या.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांची जत्रा. गणपती आधी येतो, मग एकामागून एक देव आणि राक्षस मुखवटे बांधून, टेंभ्यांच्या उजेडात देवळापुढच्या मैदानात नाचून जातात, आणि पहाटे फटफटलं की देवी येऊन म्हैसासुराला मारते. प्रत्येक सोंग एकेका घराचं. बापानं नाचवलं तर पुढे मुलगा नाचवणार. प्रत्येक सोंगाची संबळावर वेगळी चाल, ती वाजायला लागली की डोळे मिटलेला म्हातारासुद्धा सांगतो, कोण आलं ते. आणि दोन रिती अशा की त्या कुणी मोडत नाही. संबळ वाजतोय तोवर सोंगाला अडवायचं नाही. आणि सोंग ज्याच्यापुढे उभं राहील, त्यानं त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही.

आमच्या घराकडे सोंग नव्हतं. बाबा टेंभा धरायचा. सोंगाच्या पुढे पुढे, उलट्या पावलांनी चालत, तेल ओतत. रात्रभर दुसऱ्यांची तोंडं उजळवायची आणि सकाळी काजळलेल्या नाकानं घरी यायचं. मी लहानपणी त्याला म्हटलं होतं, "बाबा, मना म्हैसासुर व्हायचाय." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. देवीचं सोंगसुद्धा पुरुषच नाचवायचे, तिथे पोरीला म्हैसासुर कोण देणार! मी रडले नाही. रुसले मात्र, आणि हा रुसवा माझ्याबरोबर थेट भरतीच्या रांगेत गेला असावा.

कारण भरतीला मी गेले ती चक्क हौसेनं. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलात बायकांची तुकडी होती, तिथे धावायला, उडी मारायला, वजन उचलायला लावत होते. डोंगरातल्या पोरीला ही काय परीक्षा! मला घेतलं. मग दहा वर्षं मी हिंदी बोलले, गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, आणि काश्मीरच्या खोऱ्यात रस्त्यावर उभी राहिले. एका सकाळी आमच्या गाड्यांचा ताफा एका वळणावर होता आणि रस्ताच उडाला. मग गोळ्या. मी गाडीखालून गोळीबार करत होते, हे मला नंतर इतरांनी सांगितलं. मला एवढंच आठवतं की आवाज बंद पडला होता आणि समोरच्या झाडाची पानं गळत होती, गोळ्यांनी, पण आवाजाशिवाय. पुढच्या गाडीतली माझी मैत्रीण गेली. मी कान गमावला आणि घरी आले. त्यावर माझ्याकडे मोठं वाक्य नाही. शूर वगैरे लोक म्हणतात, तेव्हा मी मान हलवते.

घरी आले तो नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा उन्हाळा. तोच धूर, तीच करवंदं. फक्त आमच्या पाड्याची विहीर कोरडी पडलेली. बायका खाली ओहोळात झिऱ्यावर जायच्या. वाळूत हात-दीड हात खड्डा, त्यात पाझरून साठेल तेवढं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं. भरेपर्यंत ऊन डोक्यावर. मग तो उभा चढ. माझ्या धाकट्या भावाची बायको सोनी तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. भाऊ वीटभट्टीवर. मी म्हटलं, तू घरी बस, पाणी मी आणते. ती मला म्हणाली, "बाय, तुना एका कानाचा तोल. तू पडशील, मी नाय." आणि खरंच, पहिल्याच दिवशी मी पडले. हंडा गडगडत खाली गेला. वाळूत सांडलेल्या त्या पाण्याकडे बायका जशा बघत राहिल्या, तसं मी कुणाला मेलेल्या माणसाकडेही बघताना पाहिलेलं नाही.

तीन दिवसांनी सोनी पडली. चढाच्या मधल्या वळणावर, बसकण मारल्यासारखी. पोटाला काही झालं नाही, पण तिचा हात पोटावर गेला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्या झाडाची गळणारी पानं आठवली. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की हिला पुन्हा ह्या चढावर जाऊ द्यायचं नाही.

टँकर यायचा की! रोज यायचा, पण खालच्या गावापर्यंत. तिथल्या टाकीत पाणी ओतून परत. मी टँकरच्या शेठला जाऊन भेटले. गोरा, घामट, बोलायला गोड माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही देशाची सेवा केली, तुम्हाला नाही कसं म्हणू? पण वर गाडी चढत नाही हो." मी म्हटलं, मतं मागायला जीप चढते. तो म्हणाला, जीप वेगळी. मी म्हटलं, मी याच्या दुप्पट वाईट रस्त्यावर याच्या दुप्पट गाड्या चढताना पाहिल्यात. तो हसला आणि चहा मागवला. असा चहा मी तीनदा प्यायले. तिसऱ्यांदा चहा पिताना बाहेर मैदानात बोहाड्यासाठी बांबू उतरवत होते, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा टण्ण झालं.

जव्हारच्या बाजारात रफिकचाचांचं रंगाचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, बैलगाड्यांची चाकं, आणि दर फाल्गुनात अर्ध्या तालुक्याचे मुखवटे. नाकं तुटलेले गणपती, शिंगं हललेले म्हैसासुर त्यांच्या ओटीवर ओळीनं उन्हं खात बसलेले असायचे. मी जाऊन सांगितलं, मला एक नवीन सोंग करायचंय. पाण्याला जाणाऱ्या बाईचं. चाचांनी ब्रश पुसला. "किसने बोला?" "कुणी नाही. मीच." "फिर ठीक आहे," ते म्हणाले. "हुकुमानं केलेलं सोंग कधी नाचत नाही, हवालदार." मला ते हवालदार म्हणायचे, तेवढी माझी बढती दलानं कधी केली नाही. लगदा कसा कुटायचा, मडक्याच्या पोटावर कसा थापायचा, गालाला रंग देताना हात कुठे हलका ठेवायचा, हे सगळं त्यांनी दुकानाच्या पायरीवर शिकवलं. लगद्यात मेथी कुटून घाल, म्हणजे तो चिकटतो आणि कीडही लागत नाही, हेही सांगितलं.

कागदाचा प्रश्न नव्हता. निवडणूक नुकतीच झालेली, पाड्यात चुलीपाशी पत्रकांचे गठ्ठे पडलेले. प्रत्येकावर पाणी देण्याचं वचन. मी ती सगळी फाडून भिजत घातली. निदान त्या वचनांना तरी पाणी मिळालं. पण त्यासाठी एक अख्खा हंडा ओतावा लागला. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "फौजीण येडी झाली." मी लगदा कुटत राहिले.

मुखवटा मात्र काय सुंदर झाला होता! मोठे डोळे, कपाळावर घामाचे पांढरे ठिपके. मी तो अंगणात वाळायला ठेवला आणि आनंदानं पडवीत झोपले. उठून बघते तर शेजारची शेळी माझ्या बाईची हनुवटी खात होती. नाक आधीच संपलं होतं. मी ओरडत धावले, शेळीनं एक डोळाही उचलला आणि पळाली. झालं होतं असं की घरात मेथी नव्हती, म्हणून मी चिकटायला नागलीच्या पिठाची दाट खळ घातली होती. आमच्या शेळ्यांना नागलीची खळ म्हणजे दिवाळीचा फराळ! चाचांनी ऐकलं तेव्हा ते पोट धरून हसले. "हवालदार, तुमने देवी नहीं बनाई, नाश्ता बनाया।"

मला हसू येत नव्हतं. बोहाडा दोन दिवसांवर आलेला, आणि पुन्हा लगदा करायचा म्हणजे पुन्हा एक हंडा. आता कुणाकडे मागू? मी त्या उरलेल्या अर्ध्या तोंडापुढे बसले होते. चढावरून सोनी आली. मी नको म्हटलं तरी पहाटे उठून गेली होती. डोक्यावरचा हंडा तिनं उतरवला नाही. तशीच माझ्यापुढे उभी राहिली. कागदांचे तुकडे बघितले, शेळीकडे बघितलं.

"उतरून घे," ती म्हणाली.

मी हंडा उतरवून घेतला.

"ओत."

"सोनी, हे प्यायचं पाणी आहे."

"ओत म्हणते ना. पन ह्यो हंडा उधार. तू देशील मना परत, असाच भरेल." मग पोटावर हात ठेवून खाली बसत म्हणाली, "आन ह्या खेपंला लिंबाचा पाला घाल. शेळीच्या बापाला कडू लागल."

लिंबाचा पाला तिनंच कुटून दिला. त्या दुपारी ज्या बायका मला येडी म्हणत होत्या त्या एकेक करून अंगणात आल्या. कुणी गाल थापले, कुणी केसांच्या जागी जुना दोर लावला. चेहरा माझ्या हातून गेला आणि तो कुणा एकीचा राहिला नाही. डोळे जरा बारीक झाले, ओठ सुकलेले. पहिल्या मुखवट्यापेक्षा कुरूप होता. पण त्याच्याकडे बघून एक म्हातारी म्हणाली, "ही तं आपली." मला तेव्हा जे झालं ते सांगू? वर्दी पहिल्यांदा अंगावर चढवली तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

पंचांनी अर्थातच नाही म्हटलं. "बाईनं मुखवटा बांधला असां कव्हा झाला नाय. देवी कोपली तं?" मी म्हटलं, देवी बाईच आहे, तिला विचारा. त्यावर तर ते फारच चिडले. शेवटी सगळ्यांनी संबळ वाजवणाऱ्या धर्मामामाकडे बघितलं. नवीन सोंगाला चाल दिली नाही तर विषयच संपतो. धर्मामामा विडी विझवून म्हणाले, "माझ्या संबळाला बाईबाप्या कळत नाय. चाल कळते. हिची चाल कोनती, ते सांग."

मला ठाऊक नव्हतं. मला संचलनाची चाल ठाऊक होती, डावा उजवा, डावा उजवा. मी डोक्यावर रिकामा हंडा ठेवला आणि सोनी चढते तशी मैदानात चालून दाखवली. तीन पावलं, आणि थांब. तीन पावलं, आणि थांब, कारण तिथे श्वास संपतो. मामा डोळे मिटून बसले होते. टिपरी उचलली. टण टण टण, धुम. टण टण टण, धुम. ते धुम म्हणजे बाईचं थांबणं. पंचांच्या माना माझ्या पावलांबरोबर फिरत होत्या. एकानं तर पाय हलवला, तो मी पाहिला.

पहाटे देवीच्या आधी माझं सोंग निघालं. पुढे टेंभा घेऊन बाबा, उलट्या पावलांनी, म्हातारा झालेला, पण हात स्थिर. मुखवट्याच्या भोकांतून मला फक्त त्याचं तोंड आणि ज्वाळ दिसत होती. तो रडत होता की धुरामुळे डोळे वाहत होते, मी कधी विचारलं नाही. मैदान गच्च भरलेलं. आधी हशा झाला, डोक्यावर तीन हंडे चढवलेली ही कोण बाई! मग चाल कळली. बायकांच्या बाजूनं पहिल्यांदा टाळी आली, बरोबर धुमवर. मी मैदानाला एक फेरी घातली, आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या टँकरच्या शेठपुढे जाऊन उभी राहिले.

खोऱ्यात मला समोरचा माणूस कधी दिसला नव्हता. झाडं दिसली होती, दगड दिसले होते. इथे तो हातभर अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि माझ्या हातात डोक्यावरून उतरवलेला एक रिकामा हंडा होता. मी तो पुढे केला. शेठनं नोट काढली. मी हंडा हलवला नाही. नारळ दिला, तोही घेतला नाही. टण टण टण, धुम. संबळ थांबेना. धर्मामामा घामानं थबथबलेले, पण थांबेनात. सोंगाला अडवायचं नाही, आणि रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. शेठ इकडे बघे, तिकडे बघे. सगळं मैदान आता टाळ्या देत होतं, पुरुषसुद्धा, आणि ते पंचसुद्धा. शेवटी तो उभा राहिला आणि आकाशाकडे हात करून ओरडला, "चढंल रे बाबा! गाडी चढंल! उद्या चढंल!"

धुम. संबळ थांबला.

चढली. दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळ्या खरडत, मागे धुरळा उडवत टँकर पाड्यात आला आणि कोरड्या विहिरीत पाण्याची धार पडली. तो आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू आला, असं मी शपथेवर सांगेन. सोनीला आठवड्यानं मुलगी झाली. तिला पहिली अंघोळ त्याच पाण्याची.

तेव्हापासून मी मुखवटेच करत आले. वीटभट्टीवरच्या नवराबायकोचं सोंग, जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळी जमिनीवरून हाकलून दिलेल्या म्हाताऱ्याचं, दवाखान्याच्या काट्यावर वजन न भरणाऱ्या पोराचं. ठाण्याला, नाशकाला नेते. तिथे मला कलाकार म्हणतात, शाल देतात, आणि तुम्ही बंदुकीकडून कलेकडे कशा वळलात, असं विचारतात. मी वळलेच नाही हो. मी त्याच रस्त्यावर उभी आहे, फक्त आता समोरच्याचं तोंड दिसतं. रफिकचाचा होते तोवर प्रत्येक मुखवटा आधी त्यांना दाखवायची. ते बघून विचारायचे, "शेळी खाईल का?" नाही म्हटलं की पसंत.

पण टँकरचं वचन एका उन्हाळ्याचं असतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा खालीच थांबला, मी पुन्हा सोंग घेऊन उभी राहिले. दर वर्षी. कधी शेठ बदलला, कधी साहेब. हंडा रिकामाच. आणि दर वर्षी बोहाडा संपला की सोनी मला डिवचायची, "बाय, माझा हंडा कव्हा देशील?" मी म्हणायची, देईन की. दोघीही हसायचो. त्या हसण्यात माझं काहीतरी दुखायचं, कारण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चढावर असायची. तिचे केस पांढरे व्हायला लागले त्या चढावर.

आणि परवा नळाला पाणी आलं!

वरच्या टेकडीवर टाकी बांधून दोन वर्षं झाली होती, आम्ही तिच्यावर करवंदं वाळवत होतो. परवा सकाळी नळ खोकला, तांबडं पाणी थुंकला, आणि मग आलं. स्वच्छ. किती दिवस टिकेल, मला ठाऊक नाही. मी भोळी नाही. पण आलं. पोरं नळाखाली नागडी नाचली, शेळ्यांनीही प्यायलं, मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सोनीची मुलगी धावत बघायला आली.

काल पंच घरी आले. मला वाटलं, म्हणतील की पाणी आलं, आता ते सोंग कशाला. त्यांनी चहा घेतला. म्हणाले, "धर्मा विचारतो, यंदा चाल तीच ना?" मी म्हटलं, तीच. "आन हंडा?" मी म्हटलं, यंदा भरलेला. ते मान हलवून उठले. दारात थांबून म्हणाले, "जड व्हईल. संभाळ."

आत्ता परत टण्ण झालं. मी सोनीला आज सगळं सांगून टाकलं. पहाटे मी मैदानाला फेरी घालीन, आणि यंदा खुर्च्यांकडे जाणार नाही. तुझ्यापुढे येऊन उभी राहीन.

ती गोंधळली. "माझ्यापुढं? मंग मी काय देऊ? माझ्याकडं काय आहे?"

"काही देऊ नको," मी म्हटलं. "उतरून घे."

तिनं हात पदराला पुसले. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची जुनी चुंबळ होती, चढावर वापरून वापरून काळी पडलेली, मधे तिच्या डोक्याच्या आकाराचा खळगा. तिनं ती माझ्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट दाबून बसवली.

"काठोकाठ भर," ती म्हणाली. "आन सांडू नको, फौजीण."